यू/एस छाप पाइन आणि गाठींचा गुंता

घोडबंदरी
७ जून, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. आमच्या घरातली पुस्तकं आता पलंगाखालून डोकावू लागली आहेत आणि "एक तर ती जातील, नाहीतर मी" असं पत्रक घरातून निघालं आहे. म्हणून हॉलच्या एका भिंतीला मांडणी करायची ठरवली: साडेनऊ फूट रुंद, आठ फूट उंच. प्लाय-सनमायका नको, लाकूड लाकडासारखं दिसायला हवं. सागाचा भाव विचारला आणि पाणी पिऊन घरी आलो. राहिलं पाइन.

काल तुर्भ्याला एका वखारीत जाऊन आलो. तिथे चार थप्प्या. पहिलीत एकही गाठ नाही, रंग साजूक तुपासारखा. मालक म्हणाला, "क्लिअर." दुसरीत लहान लहान तपकिरी गाठी, आणि फळ्यांच्या टोकांवर लाल रंगात मुकुटाचं चित्र व 'यू/एस' असा छाप. तिसरीही तशीच, पण गाठी मोठ्या, काही काळ्याकुट्ट, आणि छाप रोमन पाचाचा. चौथी पॅकिंगची. तिच्याकडे बोट दाखवून मालक नुसता हसला. क्लिअरचा भाव पॅकिंगच्या जवळजवळ तिप्पट सांगितला. दुसऱ्या थप्पीबद्दल ठासून म्हणाला, "यूएस माल आहे साहेब, अमेरिकन पाइन."

आमचे मिस्त्री म्हणतात, गाठ म्हणजे कमजोरी, क्लिअरच घ्या. शेजारचे म्हणतात, गाठींशिवाय पाइन म्हणजे मिठाशिवाय पिठलं. हा ग्रेड ठरवतं कोण, कशावरून, आणि मला नक्की कुठली थप्पी लागेल?


सागप्रेमी
७ जून, रात्री ११:०५

पाइन हे लाकूडच नाही, ते खोकं आहे. लहानपणी वाण्याच्या दुकानामागे देवदारी खोकी पडलेली असायची, तोच माल आता रंधा मारून शोरूममध्ये आलाय. ठाण्याच्या पावसात दोन वर्षं. लिहून ठेवा. आमच्या आजोबांचं सागी कपाट अजून दार न अडता उघडतं.


उरणचा_बंदरकर
८ जून, सकाळी ७:२०

घोडबंदरी, तुमचा 'यूएस माल' अमेरिकेच्या वाऱ्यालाही उभा राहिलेला नसणार. न्हावा शेवाला बावीस वर्षं मी लोकांचा माल सोडवत होतो. लाकडाच्या कंटेनरची कागदपत्रं इतकी पाहिली की आता झोपेतही छाप वाचता येतात.

यू/एस म्हणजे 'अनसॉर्टेड', न निवडलेला. हा स्वीडन-फिनलंड-रशियाकडचा जुना व्यापारी शब्द. तिकडे दिसण्यावरून फळ्यांचे सहा वर्ग करत. पैकी स्वीडन-फिनलंडच्या गिरण्या पहिले चार वेगळे करतच नसत, करवतीखालून जसे येतील तसे एकत्र बांधत. त्या एकत्र गठ्ठ्याचं नाव 'न निवडलेला'. पाचवा आणि सहावा वर्ग मात्र निवडून बाजूला. म्हणजे नावात न निवडलेला असला तरी बाजारात मान त्यालाच. गंमत आहे की नाही? तुमच्या तिसऱ्या थप्पीवरचा रोमन पाच म्हणजे तोच पाचवा वर्ग. मुकुट हा गिरणीचा शिक्का, त्यावरून गिऱ्हाईक माल ओळखतं.

रशियाच्या यू/एसमध्ये पहिले तीनच वर्ग, चौथा वेगळा विकतात. त्यामुळे दोन देशांचे यू/एस समोरासमोर ठेवून भाव पाडायला जाऊ नका.

स्वीडनचे हे नियम १९६० साली छापले गेले, लाकूडवाले त्याला 'हिरवं पुस्तक' म्हणतात. १९९४ मध्ये स्वीडन, फिनलंड, नॉर्वे या तिघांनी मिळून नवे नियम काढले, ते 'निळं पुस्तक'. त्यात ए, बी, सी, डी अशी अक्षरं आली. ए-चे पुन्हा एक ते चार. ढोबळमानाने ए म्हणजे जुना यू/एस, बी म्हणजे पाचवा, सी म्हणजे सहावा. तरी छाप मारताना आणि भाव करताना लोक अजून जुनंच बोलतात. आपण नाही का अजून 'व्ही.टी.' म्हणत.

वापराचं म्हणाल तर यू/एस जातो दारं, खिडक्या, फर्निचर, जे जे हाताशी आणि डोळ्यांसमोर येतं त्याला. पाचवा बांधकामाला, जमिनीच्या पट्ट्यांना, भिंतीला आतून मारायच्या पट्ट्यांना. गाठी दिसल्या तर चालतात तिथे. सहावा खोकी, पॅलेट, स्लॅबची सेंटरिंग.


वखारकन्या
८ जून, दुपारी १:१५

बंदरकर काका, मस्त. आमची ठाण्यातली वखार आता भाऊ बघतो, पण माझं बालपण भुशात गेलंय, म्हणून दोन शब्द.

गोंधळ होतो तो सागाच्या सवयीमुळे. सागाचा भाव आपण ओंडक्याचा घेर आणि लांबी बघून करतो. पाइन वखारीत येतं तेच मुळी फळ्या होऊन, तिथे भाव फळीच्या तोंडावर ठरतो. आणि 'तोंड' शब्दशः घ्या. अमेरिकन पद्धतीत या फळ्या जी बाजू चांगली, तिच्यावरून प्रतवारीत बसतात. पाठ कशीही असो, काही मर्यादेत. म्हणून वखारीत फळी हातात घेतली की आधी उलटी करा. पाठ दिसणार असेल, म्हणजे उघड्या मांडणीचा कप्पा खालूनही दिसणार असेल, तर तोंडावरचा ग्रेड तुमच्या अर्ध्याच कामाचा. युरोपच्या नव्या पद्धतीत हे छापातच येतं: जी-२ म्हणजे दोन रुंद बाजू तपासल्या, जी-४ म्हणजे कडांसकट चारही. त्यापुढचा आकडा शून्य ते चार, शून्य सगळ्यात देखणा.

आणखी एक. ओक, मेपल अशा पानझडी लाकडांचे अमेरिकन नियम वेगळ्याच डोक्याचे आहेत. तिथे गृहीत धरतात की फळी कापली जाणार, म्हणून तिच्यातून किती स्वच्छ तुकडे निघतील ते मोजतात. सर्वात वरच्या वर्गाला ८३ टक्क्यांहून थोडं जास्त क्षेत्र स्वच्छ तुकड्यांत निघायला लागतं. आणि तिथे मोजतात खराब बाजूवरून! पाइनच्या फळीला मात्र अख्खी तशीच लागणार असं धरून जोखतात. तिच्यातही 'शॉप' नावाचा एक वर्ग आहे, तो दारं-खिडक्यांच्या कारखान्यांसाठी, तो तेवढा तुकड्यांच्या हिशेबाने.

आणि हो, आपल्याकडच्या वखारीत कुणी "ए ग्रेड", "सुपर ए" म्हणालं की हसून मान हलवायची. ती त्या त्या मालकाची अक्षरं. छाप बघा, थप्पी बघा, फळी बघा.


खटपट्या
८ जून, रात्री ९:३०

काकांनी युरोप सांगितला, मी अमेरिका सांगतो, कारण यूट्यूबवरचे निम्मे सुतार तीच भाषा बोलतात आणि मी त्यांच्यामुळेच बिघडलोय. (ऐरोलीच्या बाल्कनीत सुतारकाम. सोसायटीची दोन पत्रं जपून ठेवली आहेत.)

त्यांच्याकडे दोन घराणी. वरचं 'सिलेक्ट', खालचं 'कॉमन'. सिलेक्टमध्ये 'बी अँड बेटर' सर्वात वर, जवळपास डाग नाहीच. पारदर्शक पॉलिश मारायचं फर्निचर, नक्षीपट्ट्या यांना. मग 'सी', त्यात एखाददुसरी बारीक घट्ट गाठ. मग 'डी', चांगल्या तोंडावर थोडे दोष चालतात, रंगवायच्या कामाला उत्तम. कॉमनमध्ये एक ते पाच. पहिल्या दोनांत गाठी असतात पण पक्क्या बसलेल्या. शेल्फ आणि गाठींच्या पट्ट्यांच्या भिंती, ज्याला ते 'नॉटी पाइन' म्हणतात, ते यातूनच. तिसऱ्यात गाठी निसटलेल्या, भोकं. कुंपण, खोकी, झाकली जाणारी कामं. चौथा-पाचवा सेंटरिंग आणि पॅकिंग.

गंमत म्हणजे आयडाहोच्या पांढऱ्या पाइनला त्यांनी स्वतंत्र नावं ठेवली आहेत: सुप्रीम, चॉइस, क्वालिटी. म्हणजे 'क्वालिटी' हा तिसरा नंबर! दुकानदार "क्वालिटी माल" म्हणाला तर खोटं नाही बोलत.

आता माझी चूक, म्हणजे तुमची वाचेल. मुलीसाठी पांढरं रंगवलेलं शेल्फ केलं. रंगाखाली काय दिसतंय, म्हणून स्वस्तातल्या गाठीच्या फळ्या. मार्चमध्ये झालं. मे महिन्यात प्रत्येक गाठीच्या जागी पिवळट वर्तुळ, जणू कुणी चहाचे कप ठेवून गेलंय. परत रंगवलं, परत उमटलं. पाइनच्या गाठीत राळ ठासून भरलेली असते, उन्हाळ्यात ती पाझरते आणि रंगातून वर येते. शेवटी एका जुन्या पॉलिशवाल्या चाचांनी इलाज केला: रंग खरवडून गाठीवर स्पिरिटमधल्या चपड्याचे (लाखेचे) दोन हात, गाठीच्या बाहेर बोटभर पसरून. ते वाळल्यावर प्रायमर. त्याला आता तीन वर्षं झाली.

म्हणजे ग्रेडचा हिशेब आपल्याला वाटतो त्याच्या उलटा निघतो. गाठी दिसू द्यायच्या असतील तर गाठीचा माल घ्या आणि पॉलिश करा. रंगवायचं असेल तर उलट जरा स्वच्छ माल लागतो.


मिसळ_ज्यादा_पाव
८ जून, रात्री १०:०२

रंगवायचं असेल तर फिंगर जॉइंटच्या फळ्या का नाही सुचवल्या कुणी? गाठी कापून टाकतात आणि उरलेले स्वच्छ तुकडे कंगव्यासारखे दात पाडून चिकटवतात. रंगाखाली मस्त, लांबीला सरळ राहतात. फक्त पॉलिश करू नका, वेगवेगळ्या झाडांचे तुकडे असतात, गोधडी दिसते.


खटपट्या
८ जून, रात्री १०:१०

+१. गोधडी हा शब्द चोरतोय.


घोडबंदरी
९ जून, सकाळी ८:४५

सगळ्यांचे आभार, मी एका रात्रीत तीन इयत्ता पास झालो. एक शंका. त्याच वखारीत मागच्या बाजूला जाड बत्त्या होत्या, त्यांवर 'सी २४' छाप होता. म्हणजे सी दर्जाचा, तिसऱ्या प्रतीचा माल समजायचा का? मालक म्हणाला तो सगळ्यात भारी. मला वाटलं फेकतोय.


प्रणाली_नेरूळ
९ जून, सकाळी ११:३०

या बाबतीत मालकाचं ऐका. सी २४ हा दिसण्याचा ग्रेड नाही, ताकदीचा आहे. सी म्हणजे सूचिपर्णी लाकूड, २४ म्हणजे वाकवताना सोसणारा ताण, दर चौरस मिलिमीटरला २४ न्यूटन. छपराच्या वाशांना, तुळयांना तो बघायचा. तो देखणा असेलच असं नाही. आणि उलटही खरं, यू/एसची देखणी फळी तुळई म्हणून चालेल असा अर्थ होत नाही. अमेरिकेतही 'नंबर २' दोन आहेत, एक बांधकामाच्या लाकडाचा, एक फळ्यांच्या कॉमनचा. एकमेकांचे नातेवाईकसुद्धा नाहीत.

तुमच्या मिस्त्रींचं म्हणणं अगदीच चूक नाही. गाठीभोवती तंतू वळसा घेतात, तिथे ताकद कमी होते. पण गाठ कुठे आहे ते बघायचं. कप्प्याच्या मधोमध, फळीच्या रुंदीच्या आत असलेली बोटाएवढी पक्की गाठ पुस्तकांच्या वजनाला काही करत नाही. तीच गाठ कडेला, फळीची कड खाऊन बसली असेल आणि तीही कप्प्याच्या मध्यभागी, तर ती फळी तिथे लावू नका. कापून टोकाला, आधारावर येऊ द्या.

तुमचा खरा शत्रू गाठ नाही, लांबी आहे. पुस्तकांनी भरलेला कप्पा फुटाला आठ-दहा किलो सहज होतो. एक इंची फळीवर रंधा मारून उरतात १९-२० मिलिमीटर. तिला अडीच फुटांवर उभा आधार दिलात तर झोळ नजरेला येत नाही. चार फुटांवर दिलात तर झोळ दीड पट होईल असं वाटतं ना? होतो साडेसहा पट, कारण तो लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. आणि लाकूड वर्षानुवर्षं भाराखाली आणखी बसत जातं ते वेगळंच. साडेनऊ फुटांत तीन उभे आधार मध्ये टाका. चार गाळे. ग्रेडवर डोकं खाण्याआधी हे.


सागप्रेमी
९ जून, दुपारी १२:०१

आणि वाळवी? तिला कुठला ग्रेड आवडतो तेही सांगा.


वखारकन्या
९ जून, दुपारी १२:४०

सगळे. :) दादा, हे मात्र तुमचं बरोबर. पाइनचं बाहेरचं फिकट लाकूड वाळवीला आणि बुरशीला पटकन बळी पडतं, आणि क्लिअर फळी तर बहुतेक त्याच बाहेरच्या लाकडातून येते. महाग म्हणून टिकाऊ असं होत नाही. न्यूझीलंडच्या पाइनचं बघा, तिकडे झाडं लहान असतानाच खालच्या पाच-सहा मीटरच्या फांद्या टप्प्याटप्प्याने छाटतात. त्या जागी नंतर चढणारं लाकूड बिनगाठीचं, तेच क्लिअर म्हणून विकतात. गाभा गाठींचाच राहतो. ओल येणाऱ्या भिंतीला, बाल्कनीत, बाथरूमच्या पाठीला कुठलंच बिनप्रक्रियेचं पाइन नको.

देवदारी खोक्यांबद्दलही एक. खऱ्या देवदाराचा गाभा चांगला टिकाऊ, काश्मीरच्या हाउसबोटी त्याच्याच. आपण कुठल्याही फिकट, हलक्या खोक्याला देवदारी म्हणत आलो, त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष.


फुकट_ते_पौष्टिक
९ जून, रात्री ८:१५

इतका खर्च कशाला? तळोजा एमआयडीसीत पॅलेट मिळतात. सोडवायचे, रंधा मारायचा, झालं. मी कॉफी टेबल केलंय.


उरणचा_बंदरकर
९ जून, रात्री ९:००

करा, पण शिक्का वाचून. परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, देशाची दोन अक्षरं आणि शेवटी सहसा 'एचटी' किंवा 'एमबी' असतं. एचटी म्हणजे लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवला, कीड मारायला. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, तसला घरात आणू नका. शिक्काच नसेल, तेलाचे डाग असतील, तर सोडून द्या. आणि एचटी शिक्का म्हणजे लाकूड वाळलेलं आहे असंही नाही, तो फक्त किड्यांसाठी.

खिळा राहिला असेल तर रंध्याचं पातं जातं. ते पातं आलं की फुकटचा पॅलेट किती पौष्टिक ते कळतं.


खटपट्या
१० जून, सकाळी ७:५०

आता खरा प्रश्न. जून चालू आहे, पाऊस दारात. आत्ता लाकूड घेऊन लगेच काम काढायचं का? मी म्हणतो थांबा. भट्टीत वाळवलेली फळी १०-१२ टक्के ओलाव्याची आणली, तर जुलैच्या ८५ टक्के दमट हवेत ती १७-१८ टक्क्यांकडे सरकते. सहा इंची फळी तेवढ्यात दोन-अडीच मिलिमीटर फुगते. मांडणीची घट्ट बसवलेली पाठ बाहेर येते.


वखारकन्या
१० जून, सकाळी ९:१०

आणि डिसेंबरात केलं तर जुलैत फुगणार नाही का? फुगणारच. लाकूड दर वर्षी श्वास घेणार. थांबण्याने सुटत नाही, जागा सोडण्याने सुटतं. पाठीच्या फळ्या खाचेत सैल ठेवा, चिकटवू नका. आणा, घरात आडव्या रचा, दोन थरांमध्ये पट्ट्या टाका, पंखा चालू, दोन आठवडे. मग काम. आमच्याकडे गिऱ्हाईक पावसाळ्यात थांबलं असतं तर आम्ही काय चार महिने भजी तळली असती?


घोडबंदरी
१४ जून, संध्याकाळी ६:३०

आज परत गेलो, या वेळी शिकून. खिशात टेप, स्क्रूड्रायव्हर आणि खटपट्यांनी उसनं दिलेलं ओलावा मापायचं मीटर. (धन्यवाद, ऐरोली स्टेशनबाहेर भेट झाली. माणूस फोटोपेक्षा तरुण आहे.)

दुसऱ्या थप्पीतली एक फळी बाहेर काढून उजेडात घेऊन बसलो. आठ फूट लांब, सहा इंच रुंद, एक इंच जाड. वखारीच्या भाषेत आठ गुणिले सहा गुणिले एक, भागिले १४४, म्हणजे एक तृतीयांश सीएफटी (घनफूट). मीटर १४ दाखवत होतं. तिच्यावर गाठी विखुरलेल्या नव्हत्या. तीन-चार गाठी एका ओळीत, मग हातभर काही नाही, मग परत तीन-चार. अंतर मोजलं: १५ इंच, १४, १६, परत १५. तोवर मालकही वाकून बघायला लागला. मी त्याला विचारलं हे असं का, तो म्हणाला, "देवाची करणी."

तिसऱ्या थप्पीतल्या फळीवर एक काळी गाठ होती, भोवती बारीक काळी कड, काजळ लावल्यासारखी. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मागून ठोकली तर टपकन खाली पडली. भोक आरपार. मालक शांतपणे म्हणाला, "फेविकॉलने बसवा." बाजूच्याच तपकिरी गाठीवर तेवढ्याच जोराने ठोकलं, ती हलली नाही. एकाच फळीत दोन स्वभाव!

थप्पीच्या तळाच्या काही फळ्यांवर निळसर-करड्या रेघा होत्या, शाई सांडल्यासारख्या. त्या बाजूला ठेवल्या. तेवढ्यासाठी भाव कमी करायला मालक तयार होता. चूक केली का?


उरणचा_बंदरकर
१४ जून, रात्री ८:२०

ती देवाची करणीच, पण वाचता येणारी. युरोपचं पाइन दर वर्षी शेंड्याशी फांद्यांचं एक कडं काढतं. दोन कड्यांमधलं अंतर म्हणजे त्या झाडाची एका वर्षाची वाढ. तुमच्या फळीवर चार वर्षं होती, १५, १४, १६, १५. उत्तरेकडच्या थंडीत झाडं अशीच सावकाश चढतात. न्यूझीलंडचं पाइन वर्षाला एकाहून जास्त कडी काढतं, त्याला हा हिशेब लावू नका.

काळी गाठ म्हणजे मेलेली फांदी. फांदी जिवंत असताना खोड तिच्याभोवती वाढलं तर तंतू एकमेकांत मिसळतात, ती गाठ तपकिरी आणि पक्की. फांदी मेल्यावर खोड नुसतं तिला गिळत जातं, मध्ये सालीची कड राहते. तुमचं काजळ ते. लाकूड वाळलं की ती सुटते. म्हणून एकाच झाडाच्या शेंड्याकडच्या ओंडक्यात जिवंत गाठी, मधल्यात मेलेल्या, आणि बुंध्याच्या बाहेरच्या अंगाला कमीत कमी गाठी. प्रतवारी करणारा खरं तर फळी झाडात कुठे होती तेच वाचत असतो.


वखारकन्या
१४ जून, रात्री ८:४५

निळ्या रेघा ही बुरशीची शाई. ओल्या लाकडाला हवा लागते आणि वाळवायला उशीर होतो तेव्हा येते. लाकूड त्याने कमजोर होत नाही, फक्त तोंड जातं, म्हणून ग्रेड उतरतो. वाळलेल्या फळीत ती पसरत नाही. भाव कमी होत असेल आणि मीटर १४-१५ दाखवत असेल तर पाठीसाठी घ्या, पुस्तकांमागे कोण बघतंय.


घोडबंदरी
२१ जून, दुपारी ४:१०

घेतलं. हिशेब असा केला. कप्पे दहा इंच खोल हवेत, म्हणजे दोन फळ्या कडेला जोडूनच करायचे. मग पुढची फळी यू/एस आणि मागची पाचव्या वर्गाची! मागची कायम पुस्तकांखाली असणार. पाठीला निळ्या रेघांच्या. उभे आधार यू/एस, कारण त्यांच्या कडा समोर दिसतात. सगळ्यात खाली दारांची दोन कपाटं आहेत, ती हिला पांढरी रंगवून हवीत, त्याला फिंगर जॉइंट. क्लिअर एक फूटही घेतलं नाही. मिस्त्री दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हते. मग यू/एसवर रंधा मारला, त्यातून जो वास सुटला, तेव्हा म्हणाले, "लाकूड बरं आहे."

प्रणालीताई, तीन उभे आधार टाकले.


प्रणाली_नेरूळ
२१ जून, दुपारी ४:३०

आता सुखाने झोपेन.


खटपट्या
२१ जून, रात्री १०:२०

पॉलिशच्या आधी एका तुकड्यावर करून बघा. पाइनवर गडद स्टेन मारला की डागडाग पितो, बिबट्या होतो. आधी पातळ चपड्याचा एक हात, मग रंग, किंवा सरळ बिनरंगाचं पॉलिश. दोन-तीन वर्षांत उजेडाने आपोआप मधासारखं होतं. आज आवडणारा फिकटपणा कायमचा नाही, हे वहिनींना आत्ताच सांगून ठेवा.


घोडबंदरी
२३ ऑगस्ट, रात्री ९:५५

धागा वर काढतोय. मांडणी उभी राहून महिना झाला. आठवडाभर संततधार होती. पाठीच्या फळ्या फुगून एकमेकींना टेकल्या, पण खाचेत सैल असल्याने कुणी बाहेर आलं नाही. एक कप्पा किंचित पन्हळ धरून आहे. फळीची कुठली बाजू वर घ्यायची ते बघायला मी विसरलो होतो, पुस्तकांच्या वजनाखाली कळत नाही. एका उभ्या आधारावरच्या गाठीतून राळेचा थेंब आला होता, मोहरीएवढा. स्पिरिटच्या बोळ्याने पुसला आणि चपडा लावला.

त्या टपकन पडलेल्या गाठीची फळी मी मुद्दाम घेतली होती. मधल्या गाळ्याची पाठ केली. त्या भोकातून आता वायफायच्या डब्याची वायर जाते.


सागप्रेमी
२४ ऑगस्ट, सकाळी ६:४०

फोटो पाहिला. आमच्याकडे नातवासाठी अभ्यासाचं टेबल करायचं आहे. फक्त चौकशी म्हणून विचारतो, वखार कुठली?


घोडबंदरी
२४ ऑगस्ट, सकाळी ७:१५

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. दुसरी थप्पी मागा, आणि तो अमेरिकन म्हणाला तर वाद घालू नका, भाव वाढवतो.